मावसोबा आणि अंगणातली बुरशी

आमच्या मावसोबांना माणसांपेक्षा बुरशी जास्त कळते, हे मी कुणाच्याही देखत म्हणेन. त्यांच्या देखत तर नक्कीच, कारण त्यांना तो मान वाटतो. मावसोबा म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. इथे झाशीतच कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झाले आणि मग खरे कामाला लागले. खिशात कायम एक चमचा आणि माती भरायच्या पिशव्या. चिरगावला लग्नाला गेलो, तर नवरदेव घोडीवर चढायच्या आत हे कुणाच्या तरी गव्हाच्या शेतात उकिडवे. लष्कराच्या छावणीत जुन्या कडुनिंबाखाली खणताना जवानाने हटकलं, "चाचाजी, क्या गाड़ रहे हो?" "गाड़ नहीं रहा भैया, निकाल रहा हूँ," हे शांतपणे म्हणाले. झालं! सोडवून आणायला मला जावं लागलं. वर येताना वाटभर मलाच ऐकवलं, "त्या झाडाखाली कधी नांगर नाही, फरशी नाही. किती जातींची बुरशी नांदतेय तिथे! शेतात त्याच्या निम्मीही नाही. आणि तुमच्या कॉलनीच्या लॉनमध्ये? रामराम म्हणा."

आणलेल्या मातीतली बुरशी घरी बशांमध्ये वाढायची. तिला लागतं बटाट्याचं पाणी, आणि बटाटे असायचे मावशीच्या उपासाचे. "एकादशी अन् दुप्पट खाशी म्हणतात, आमच्याकडे खाते ती बुरशी," असं मावशी म्हणायची आणि पुन्हा कुकर चढवायची. फ्रिजमध्ये श्रीखंडाशेजारी त्या हिरव्या-काळ्या बशा असल्यामुळे पाहुण्यांना पाण्याची बाटलीसुद्धा ती स्वतः काढून द्यायची.

त्यांचा जीव मात्र मागच्या अंगणात. तिथे कुदळ लावायची नाही, पाचोळा उचलायचा नाही. त्यांच्या मुलाने एकदा फरशीचा विषय काढला, तर आठवडाभर त्याच्याशी बोलले नाहीत. गेल्या पावसाळ्यात त्याच अंगणात मावशी घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, वॉकर आला, आणि चालायला जमीन सपाट हवी, असं डॉक्टरांनी बजावलं. मावशी म्हणाली, "राहू द्या हो. मी खिडकीतूनच तुळशीला नमस्कार करीन. तुमचं अंगण मोडू नका."

मावसोबा दुसऱ्या दिवशी मिस्त्रीला स्वतः जाऊन घेऊन आले.

मी गेलो तेव्हा या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फरशी होती. मला फार वाईट वाटलं. म्हटलं, "मावसोबा, एखादा कोपरा तरी ठेवायचा होतात."

"वॉकर वळवायला तिला जागा लागते," ते म्हणाले.

तेवढ्यात मावशी बाहेर आली आणि वॉकर टेकत तुळशीकडे निघाली. मावसोबा तिच्या मागोमाग, हात तिच्या पाठीपासून जरासा दूर धरून.

"घाई करू नकोस," ते तिला सांगत होते. "सगळं अंगण तुझंच आहे."