बंदुकीपाशी कोणी नव्हतं

रत्नागिरीत कायदा शिकत होते तेव्हा आमच्या कॉलेजात वक्तृत्व स्पर्धा झाली. विषय होता, शस्त्रधारी यंत्रमानव आणि कायदा. वर्गात सगळे हसले. मी मात्र नाव दिलं. माणसावाचून उडणारी बंदूक काय करते, ते मी घरातच पाहिलं होतं.

गोष्ट अठ्ठ्याण्णव सालच्या आसपासची. मी शाळेत होते. गुहागरकडच्या आमच्या गावात भात पिकत आलं की रानडुकरं उतरायची आणि शेतंच्या शेतं लोळवायची. वैतागून चुलतकाकांनी बांधावर ठासणीची बंदूक रोखून बांधली आणि वाटेवर तार ताणली. डुक्कर तारेला लागलं की बार उडणार. काका घरी जाऊन झोपले. सकाळी आई गवत आणायला त्याच वाटेने गेली.

बार ऐकून सगळ्यांत आधी काकाच धावले. डुक्कर पडलं असेल म्हणून सुरी घेऊन. मग आईला पाठीवर घेऊन डांबरी रस्त्यापर्यंत त्यांनीच आणलं. वाटभर एकच बोलत होते, "वहिनी, मी तिथे नव्हतो हो. मी नव्हतो."

आईचा पाय मांडीतून कापावा लागला.

पोलीस येईपर्यंत बंदूक खाडीत गेली होती. परवाना नव्हताच. काकू आईच्या खाटेशी बसून रडत राहिली. "ह्यांना नेलं तर पोरांना कोण बघणार?"

आईने जबाब दिला, "तार कोणी बांधली ते मी बघितलं नाय." ते खोटंही नव्हतं. प्रकरण तिथेच मिटलं. बाबा पुढे कितीतरी दिवस आईशी धड बोलले नाहीत.

स्पर्धेआधी मे महिन्यात घरी गेले. आई कुबड्या भिंतीला टेकवून आमसुलांसाठी रातांबे फोडत बसली होती.

"कसला गो विषय?"

मी समजावून सांगितलं. तिचे हात थांबले.

"म्हणजे तिथे माणूस नसणार?"

"नाही. कोणाला मारायचं ते यंत्रच ठरवणार."

"भावजी तिथे असते तर मला बघून ओरडले असते. वहिनी थांबा, म्हणाले असते. बंदूक कशी हाक मारणार?"

भाषणात मी हेच सांगितलं. परीक्षकांपैकी एक वकील शांतपणे म्हणाले, "तार आंधळी असते. यंत्रमानवाला डोळे असतील. तुमचं उदाहरण लागू होत नाही."

"डोळे असतील, सर. पण चूक झाली तर आरोपीच्या पिंजऱ्यात कोण उभं राहणार?"

त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. मला बक्षीस मिळालं नाही.

दिवाळीत घरी गेले तेव्हा आईने विचारलं, "मग त्या यंत्रांना कायदा आहे का?"

"अजून नाही."

"आणि अशी तार लावायला?"

"त्याला आहे. तेव्हाही होता. परवाना असता तरी तशी बंदूक बांधून ठेवणं गुन्हाच होता."

"होता?" आई माझ्याकडे बघत राहिली. "आणि भावजींना ठाऊक होतं?"



त्याच आठवड्यात एका संध्याकाळी पलीकडच्या वाडीतून बार ऐकू आला. डुक्कर होतं, असं नंतर कळलं. ते कळेपर्यंत आमच्याकडे कोणी जेवायला बसलं नाही.