दाजींचा पाय

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, बहिणीला तर नाहीच. देवासमोर उभा राहिलो की तिथेही इकडचं-तिकडचं मागून परत यायचो, हे तेवढं ओठांवर येऊ द्यायचो नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही आमच्या दाजींना पाहिलेलं नाही. ज्यांनी पाहिलंय त्यांच्या डोळ्यांत बघून हे बोलणं — नाही, ते मला जमलेलं नाही.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे नवरे. अमळनेरकडचे. सुरतेत येऊन त्यांनी लिंबायतला खोली घेतली आणि पाठोपाठ मला बोलावून घेतलं. आमच्याकडची माणसं सुरतेत आली की लूमच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात लागायची. दाजींनी मात्र ट्रकचं स्टिअरिंग धरलं. बरीच वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या चालवून शेवटी त्यांनी एक जुना सहाचाकी घेतला. आखूड नाकाचा, रंग उडालेला, मालकाने भंगारात काढायचं ठरवलेला. तोवर मी एका गॅरेजमध्ये चार वर्षं हात काळे केले होते. दाजी म्हणाले, "मी चालवतो, तू तिला सांभाळ." म्हणजे गाडी दोघांची. मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो.

काय गाडी होती हो ती! खिडकीची काच वर करायची तर पक्कड लागायची. सेल्फ कधीच उचलायचा नाही, म्हणून आम्ही तिला नेहमी उताराला लावायचो. मी मागून खांदा द्यायचो, ती गडगडायला लागली की दाजी गिअर टाकायचे आणि सगळी गल्ली धुराने भरून जायची. सीटच्या बाजूला इंजिनाचं झाकण असायचं, ते इतकं तापायचं की ताईने फडक्यात बांधून दिलेल्या ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी आम्ही त्यावरच शेकायचो. भाकरीला डिझेलचा वास यायचा. आता चांगल्या हॉटेलात जेवतो, पण तशी भाकर — असो.

सकाळी लिंबायतच्या खात्यांतून कोऱ्या कापडाचे ताके भरायचे, पलसाण्याच्या डाइंग मिलमध्ये उतरवायचे. कधी कामरेजला एखादी खेप. दाजी अनवाणी गाडी चालवायचे. चपला खाली काढून, हातात घेऊन वर चढायचे, देवळात शिरावं तसे. म्हणायचे, गाडीला काय दुखतंय ते तळपायाला कळतं. आणि खरंच कळायचं. चालत्या गाडीत ते मध्येच म्हणायचे, "गोकुळ, मागलं डावं चाक ओढतंय." मी खाली उतरून बघावं तर चाक हाताला चटका बसेल इतकं तापलेलं. वीस वर्षांत त्यांनी साधी सायकलसुद्धा घासली नव्हती. मोठे ड्रायव्हर लोक त्यांना मानायचे. मला त्यांचा अभिमान होता. हे मी का सांगतोय? तुम्हाला कळावं म्हणून, की मी काय मोडलं.

त्या वर्षी दसऱ्याच्या दोन दिवस आधी दाजी म्हणाले, ब्रेकचं पॅडल नरम लागतंय. ब्रेकच्या पंपातले रबर झिजले असणार. रबर झिजले की पाय दाबला तरी तेल आतल्या आत मागे सरकतं, पॅडल खाली जातं आणि चाकं थांबत नाहीत. दाजींनी स्वतः दुकानात जाऊन नवे रबर आणले, माझ्या हातात दिले आणि म्हणाले, "उद्या गाडी उभीच आहे. टाकून घे."

दुसरा दिवस अख्खा माझ्याकडे होता. मग मी काय केलं? मी रंगाचे डबे काढले.

दसऱ्याला सगळ्या गाड्या सजायच्या ना! माझं अक्षर चांगलं होतं, फुलं बरी जमायची. मागच्या फळीवर मी 'खान्देशची राणी' असं मोठ्या अक्षरांत लिहिलं, दोन्ही बाजूंना मोर काढले. गल्लीतली माणसं उभी राहून बघत होती, वाहवा करत होती. उन्हं कलली तेव्हा दुसऱ्या मोराचा पिसारा उरला होता. रबराचं पाकीट सीटखालच्या हत्यारांच्या पेटीत होतं. एवढंच. पैशाची अडचण नव्हती, वेळ नव्हता असंही नाही. मला मोर पुरा करायचा होता.

संध्याकाळी दाजी आले, मोर बघून हसले. मग विचारलं, "रबर टाकले?"

मी म्हणालो, "टाकले."

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही माल भरला. मी खात्यावर पुढच्या खेपेसाठी थांबलो, दाजी एकटे निघाले. पलसाण्याला मिलच्या दारापाशी थोडा उतार आहे. तिथे दाजींनी ब्रेक दाबला आणि पॅडल सरळ खाली गेलं. गाडी फाटक घेऊन आत भिंतीवर आदळली. फाटकाआड मिलचा चौकीदार होता, बनारसकडचा एक म्हातारा माणूस. त्याच्या पायावरून फाटकाचा लोखंडी पत्रा गेला.

मी पोचलो तेव्हा दाजी रस्त्याच्या कडेला बसले होते. कपाळावर खोक पडली होती. मला बघून एवढंच म्हणाले, "पॅडल खाले गयं रे भाऊ. सरळ खाले." दाजी घाबरले की अहिराणीतच बोलायचे. आजूबाजूची माणसं हसल्यासारखं करत होती. ठोकल्यावर प्रत्येक ड्रायव्हर ब्रेकचंच नाव घेतो, म्हणाली.

तेव्हा मी बोलायला हवं होतं. एक वाक्य होतं. 'दाजी, मी रबर टाकलेच नाहीत.' किती वेळ लागला असता?

पोलिसांनी मला विचारलं, ब्रेकचं काम कोण बघतं? मी म्हणालो, मी. ब्रेक ठीक होता, परवाच मी नवे रबर टाकलेत.

आणि एवढ्यावर मी थांबलो असतो तरी — नाही, थांबलो असतो तरीही काही फरक नव्हता. पण मी थांबलो नाही. दुसऱ्या दिवशी गाडी तिथेच भिंतीला टेकून उभी होती. राखण करतो म्हणून मी तिच्यापाशी बसलो. दुपारी मिलची माणसं जेवायला गेली तसा मी गाडीखाली शिरलो, पंप खोलला, जुने रबर काढले, नवे टाकले. तेल भरलं. ब्रेकमधली हवा काढायला दोन माणसं लागतात — एक वर पॅडल मारायला, एक खाली. मी नळी बाटलीत सोडून एकट्याने काढली. वर-खाली, वर-खाली, कितीदा केलं असेल! जुने रबर मी मिलच्या मागच्या नाल्यात फेकले.

संध्याकाळी दाजी आले. डोक्याला पट्टी होती. कुणाशी न बोलता चपला काढून गाडीत चढले आणि त्यांनी पॅडल दाबलं.

पॅडल दगडासारखं घट्ट.

त्यांनी पुन्हा दाबलं. तिसऱ्यांदा दाबलं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली उभा होतो, हातात फडकं होतं. त्या नजरेत संशय असता तर मी कदाचित कबूल केलं असतं, असं मला पुष्कळ वर्षं वाटायचं. पण संशय नव्हताच. ते स्वतःच्या पायाकडे बघत म्हणाले, "मंग मनाच पाय चुकना व्हई."

म्हणजे त्यांचाच पाय चुकला असणार. मी फडक्याला हात पुसत राहिलो.

त्यानंतर दाजींनी कधी गाडी चालवली नाही. पंचेचाळिसाव्या वर्षी ते लूमवर लागले, पोरांच्या हाताखाली काम शिकले. बारा-बारा तास उभं राहणं, तो आवाज. थोड्या वर्षांत त्यांना ऐकू कमी यायला लागलं. रिक्षात बसले तरी त्यांचा उजवा पाय खालचा पत्रा दाबत राहायचा. चौकीदार बरा झाला, पण लंगडा झाला. दाजी दर रविवारी ताईने केलेलं जेवण घेऊन त्याच्याकडे जायचे. तो गावी परत जाईपर्यंत त्यांनी एक रविवार चुकवला नाही. एकदा मीही सोबत गेलो होतो. चौकीदार म्हणाला, "अरे भैया, हो जाता है. अब कितना सोचोगे?" दाजी मान खाली घालून बसले होते. मी त्यांच्या शेजारी बसून चौकीदाराने दिलेलं पाणी प्यायलो.

गाडी माझ्याकडे आली. पुढे चौदा वर्षं मी ती चालवली, तिच्यावर घर केलं, लग्न केलं. गल्लीत कुणी त्या अपघाताचा विषय काढून माझ्या कामाबद्दल काही बोललं की दाजी चिडायचे. "गोकुळच्या हाताला खोट नाही," म्हणायचे. "ब्रेक पक्का होता. मी स्वतः दाबून बघितलाय."

गाडीची पासिंग संपली, ती भंगारात द्यायची वेळ आली तेव्हा दाजी बघायला आले. म्हातारे झाले होते. मी हात दिला, ते वर चढले, ड्रायव्हरच्या जागी बसले. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले, अगदी हलके. पाय मात्र त्यांनी मांडी घालून वर घेतले होते. खाली सोडलेच नाहीत. बराच वेळ समोरच्या काचेतून बघत राहिले आणि म्हणाले, "चांगली होती रे." आसपास कुणी नव्हतं. सगळा दिवस आमचाच होता. मी म्हणालो, "हो दाजी, चांगली होती."

दाजी गेले त्याला आता सहा महिने झाले. झोपेतच गेले. दहाव्याला लोक आले होते, सगळे त्यांच्या ड्रायव्हिंगच्या गोष्टी सांगत होते. दाजींना एकच मुलगी, सुनंदा. अपघात झाला तेव्हा ती लहान होती, आता शाळेत शिकवते. लोक गेल्यावर ती माझ्याजवळ येऊन बसली.

"मामा, एक विचारू? पप्पांचा पाय खरंच चुकला होता का? ते आयुष्यभर तसं म्हणाले, पण मला कधी पटलं नाही."

आता मला कशाची भीती होती? पोलीस नव्हते. गाडी नव्हती. दाजीही नव्हते. मी पंचविशीतला पोरगा नव्हतो. ती उत्तराची वाट बघत होती आणि तिचे डोळे थेट दाजींसारखे आहेत.

मी म्हणालो, "हो बेटा. चुकला होता. माणसाचा चुकतो कधी."

 ती म्हणाली, "तुम्ही म्हणताय म्हणजे तसंच असेल," आणि माझ्यासाठी चहा टाकायला उठली.

तो चहा मी प्यायलो.