बंद तारेतला करंट

मी पोलवरून खाली पडलो होतो आणि सगळे हसत होते.

नांगरलेल्या ढेकळांत पडलो म्हणून वाचलो. उजवा हात खांद्यापर्यंत बधिर. तोंडात माती. नाना समोरच्या दूध डेअरीच्या ओट्यावर चहा पीत होते, तिथूनच ओरडले, "आमना झिरोले उतराले शिडी बी नही लागत!" ओटाभर हशा पिकला.

नाना म्हणजे आमच्या भागाचे वायरमन. पक्की नोकरी, पक्का पगार. आणि मी झिरो. झिरो म्हणजे काय ते शहरातल्या माणसाला सांगावं लागतं. पोलवर चढायचं काम ज्याचं, तो खाली बसतो. त्याच्या जागी जो चढतो तो झिरो वायरमन. नेमणूक नाही, हजेरी नाही, हातमोजे नाहीत. पिंपळनेरच्या पुढं डोंगराकडं निघा, गावागावात सापडतील. आमच्या गावात दोघं होतो. मी आणि माझा मावसभाऊ भिका.

मी उठलो. माती थुंकली. विचारलं, "नाना, लाईन तर बंद शे. मंग करंट कोठून उना?"

मला खरंच जाणून घ्यायचं होतं. डीपीवरचे, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या पेटीतले, फ्यूज मीच काढले होते, ते माझ्या खिशात होते. खिशात! मग मला फेकलं कोणी?

नानांनी कप खाली ठेवला. "तुले काय करनं शे? झिरोनी इचारनं नही, चढनं." मग ओट्याकडं वळून म्हणाले, "इंजिनीअर व्हनार शे हाऊ!"

झालं. गावानं मला इंजिनीअर करून टाकलं. किराणा घ्यायला गेलो तरी, "या इंजिनीअर साहेब." बायकोला नळावर, "इंजिनीअरीण उनी." ती घरी येऊन माझ्यावरच चिडायची. मला मात्र लाजेपेक्षा तो करंट जास्त छळत होता. वीज ऑफिसच्या साहेबांना विचारलं. ते मऊ आवाजात म्हणाले, "तुझी नेमणूक आहे का? नाही ना? मग तुला कशाला हवंय ते?" डेअरीवाल्या शेठना विचारलं. ते म्हणाले, "व्हस तसं कधी कधी." दोघांनाही ठाऊक नव्हतं, हे मला तेव्हाच कळलं. पण ठाऊक नाही असं एकजण म्हणेल तर शपथ.

नानांना तर धुळ्याला ट्रेनिंगला पाठवलं होतं. परत आले ते नवीकोरी बॅग घेऊन. काय शिकवलं म्हणून विचारलं तर म्हणाले, "जेवन चांगलं व्हतं. तीस वरीस व्हयनात नोकरीले, आते काय शिकनं?" हे अभिमानानं सांगत होते हो! आणि शिकतील तरी कशाला? न शिकण्याचा झटका दुसऱ्याच्या अंगाला बसत असेल, तर कोणाला घाई आहे?

मग त्या उन्हाळ्यात वादळ झालं. त्याच तारेवर लिंबाची फांदी पडली. फ्यूज काढले. भिका वर चढला. मी खाली त्याच्या कमरेचा दोर धरून उभा.

आधी पक्कड पडली. दगडावर. टण्ण.

वर पाहिलं तर भिका तारेला चिकटलेला. तोंड उघडं, आवाज नाही. मी ओरडत होतो, लोक धावत येत होते, आणि डेअरीचा जनरेटर तिकडं धडधडत होता. दूध थंड ठेवायला. लाईट गेली की तो चालू व्हायचाच. साऱ्या गावाला ऐकू येत होता, मलाही. मी जीव खाऊन दोर ओढला आणि भिका माझ्या अंगावर आला. त्याच्या जळालेल्या हाताचा वास अजून माझ्या अंगाला येतो. मी अंघोळ करतो, परत करतो, बायको म्हणते काहीच वास नाही. कुठं एखादं भांडं पडलं तरी मी आधी वर बघतो.

पंचनाम्याला नाना एकदम शुद्ध मराठीत बोलले. "हा इसम कोण, मला माहीत नाही. स्वतःहून चढला."

दहाव्यानंतर भिकाची बायको माझ्यासमोर येऊन बसली. डोळे कोरडे. "भाऊ, लाईन बंद व्हती ना? मंग त्या कसा मरी गयात?"

 मला तेवढंच ठाऊक होतं जेवढं ढेकळांत पडलो त्या दिवशी होतं.

दुसऱ्या दिवशी मी तालुक्याच्या आयटीआयमध्ये गेलो. गेटवरून हाकललं. पुन्हा गेलो. वायरमनचा वर्ग शिकवणाऱ्या एक मॅडम बाहेर आल्या. सगळं सांगितलं. म्हटलं, आता ह्याही हसतील. त्या म्हणाल्या, "दादा, मला नक्की सांगता येणार नाही. थांबा, बघू या."

 शिकलेल्या माणसाच्या तोंडून असं मी उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं.

त्यांनी फळ्यावर माझ्याकडूनच गाव काढून घेतलं. डीपी कुठं, तार कुठं, घरं किती. मग विचारलं, "आसपास जनरेटर आहे का कोणाकडं?"

म्हटलं, डेअरीत आहे. त्यांनी तो खडूनं तारेला जोडून दाखवला. जनरेटर सरळ घराच्या वायरिंगला जोडला, बाहेरची लाईन तोडणारा स्विच बसवला नाही, तर त्याचा करंट उलटा तारेवर येतो. बंद तारेवर. एवढंच. एवढंच होतं ते. मॅडमनी कपाटातून एक साखळी काढली. आधी तिचं एक टोक जमिनीत, मग दुसरं तारांवर अडकवायचं, म्हणजे आलाच करंट तर जमिनीत उतरतो; मगच हात लावायचा. तशी साखळी मी रोज बघत होतो. ट्रेनिंगच्या बॅगेतून आली होती. नाना तिनं म्हैस बांधायचे.

भिकाच्या बायकोला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "हाई नानाले माहीत नव्हतं?"

"नही."

"मंग त्यानी कोनले इचारं काबरं नही?"

 रात्री डोळा लागतो न लागतो तोच ती शेजारी बसून विचारते असं वाटतं. का नाही विचारलं? तोंड होतं, नोकरी होती, विचारायला ऑफिस होतं.

आणि परवा तीच तार तुटली. नाना मोटारसायकलवर दारात. "चल."

मी पोलपाशी गेलो. सगळं गाव जमलेलं. विहिरींवरच्या मोटारी बंद, कांदा पाण्याला आलेला, जो तो कावलेला. मी म्हणालो, "साखळी आना. शेठ, जनरेटर बंद करा. त्याबगर मी नही चढस."

"भू हुशारी करी राह्यना तू," नाना म्हणाले. "दुसरा झिरो आनसू."

ह्या वेळी कोणी हसलं नाही. उलट माझ्यावरच ओरडले. पाणी अडवतो म्हणाले, माजला म्हणाले. माझेच लोक. मी जागचा हललो नाही.

आणा म्हटलं दुसरा. तो आला की भिका कसा मेला ते त्याला इथंच सांगीन, तुमच्यासमोर, तुमची नावं घेऊन. ऐकूनही चढायला लागला तर त्याचा पाय धरून खाली ओढीन. तुम्ही सगळ्यांनी मिळून मारा मला. पण माझ्यासमोर आणखी एक माणूस त्या तारेला चिकटणार नाही.