फणसाचे वाटे

आमच्या बोरीवलीच्या सोसायटीत मागच्या बाजूला एक कापा फणस आहे. पहिला फणस पिकला की तळमजल्याचे काका, मूळचे मालवणकडचे, कोयत्याला तेल लावून तो फोडतात आणि सोळाही घरांत गरे जातात. फणस एका घराला संपतच नाही, त्यामुळे वाटायचा की नाही हा प्रश्न कधी आला नाही. ताटल्या पोचवायचं काम लहानपणापासून माझ्याकडे. "हिला द्या, ही वाटेत कोणाशी बोलत बसत नाय," असं काका सगळ्यांसमोर म्हणतात आणि मी खाली बघते.

यंदा पानं पिवळी पडली आणि बरेच फणस एकदमच पिकले. सगळे खूश. काका तेवढे म्हणाले, "झाडाला कसली घाई झालीय, कळत नाय गो."

मला संशय होता. पंधरा दिवसांपूर्वी दोरीवरून पडलेला टॉवेल आणायला मी मागे गेले होते. बुंध्याला, भिंतीच्या बाजूने, तीन भोकं पाडून सिमेंटने बुजवली होती. एकाखालची साल काळी, ओली. ढेकणांच्या औषधासारखा वास. मुंग्या मरून पडल्या होत्या. त्याआधीच्या मीटिंगमध्ये कोणीतरी म्हणालं होतं, हे झाड गेलं तर दोन गाड्या सहज लागतील. कोण, तेही आठवत होतं. मी टॉवेल घेऊन वर आले आणि गप्प बसले.

रविवारी चार ताटल्या देऊन झाल्या. पाचव्या दारात दोन वर्षांची मुलगी आईच्या आधी धावत आली, हात पुढे करून. शाळेत शिकलेलं तेव्हा आठवलं. मुळांतून, खोडातून जे वर चढतं ते झाड सगळीकडे वाटून टाकतं. निवडत नाही.

मी ताटली वर उचलली. "हे खाऊ नका."

तिची आई हसली. "वर्षातून एकदा बोलतेस, तेही हे?"

मी ताटली तशीच घेऊन पहिल्या मजल्यावर पळाले. तिथल्या काकूंनी माझी आधीची ताटली धुऊन, चमचाभर साखर घालून तयार ठेवली होती.

"काकू, कोणी कोणी खाल्ले?"

"सगळ्यांनी. ह्यांनी तर आठ-दहा गरे. आठळ्यापण कुकरला लावल्यात. का गं?"

मी चपला न काढता आत गेले आणि गॅस बंद केला. मग मी भोकांबद्दल सांगितलं.