मत गावाकडं, तहान इकडं

भागवतभाऊची आणि माझी शेवटची भेट त्याच्या दारातच झाली. पाण्याच्या निळ्या पत्र्याच्या ड्रमला टेकून बसला होता, नेहमीसारखा. मला बघून म्हणाला, "औंदा मतदानाला गल्लीतून किती निघतील रं?" मी म्हणालो, "कुणी निघो न निघो, मी तर दमलोय बाबा." तो हसला... "दमलास तर उशिरा जा. पण जा." दोन दिवसांनी पहाटे त्याच्या घरातून शोभावहिनींनी हाक मारली, तेव्हा सगळं संपलं होतं. झोपेतच गेला. आता महिना उलटून गेलाय, तरी त्या दारावरून जाताना माझी मान आपोआप खाली जाते.

आम्ही दोघं वाळूजच्या एकाच कारखान्यात, एकाच पाळीत. तो मूळ देवगाव रंगारी गावचा, युनियनमध्ये पुढं असायचा. शहराच्या कडेला, गारखेड्याच्या पलीकडं नवी घरं उठू लागली तेव्हा आम्ही एकाच गल्लीत प्लॉट घेतले. शहर वाढत गेलं, नळ मात्र गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबला, आणि त्यातच दुष्काळ पडला. टँकर ज्याला आधी दिसेल त्यानं ड्रमचं झाकण बडवायचं, की सगळी गल्ली बादल्या घेऊन धावायची. भांडून पगारवाढ मिळवली, ती विकतच्या पाण्यावर गेली. शेवटी आम्ही वॉर्डातल्या एका उमेदवाराकडं गेलो. तो भेटलाच नाही. त्याचा माणूस दारातूनच म्हणाला, "तुमची मतं गावाकडं. मग पाणी बी गावाकडंच मागा की."

खोटं नव्हतं ते. राहायचं इकडं अन् मत गावी, असंच आम्हा सगळ्यांचं होतं. तिकडं भावकी, तिकडं जमीन. इथल्या निवडणुकीची सुट्टी म्हणजे आम्हाला झोपायचा दिवस. कारखान्याच्या गेटवर युनियनची पुढची सभा भरली, तेव्हा भागवतभाऊ उभा राहिला आणि म्हणाला, सगळ्यांनी मतदार यादीतली नावं इकडं आणा. जुनी मंडळी भडकली, युनियननं राजकारणात पडू नये म्हणाली. मलाही तो चिखल वाटायचा, आजही वाटतो. तो शांतपणे म्हणाला, "गेटच्या आतलं आपण भांडून घेतो. गेटच्या बाहेर आपल्याला इचारतं कोण? मत कुणाला द्यायचं ते तुमचं तुम्ही बघा, पण द्या." आधी स्वतःचं आणि वहिनींचं नाव हलवलं, मग गावाकडून इथं कामाला आलेल्या पोरांची.

त्याच साली त्याचे थोरले भाऊ, नाना, गावात ग्रामपंचायतीला उभे राहिले आणि अगदी थोडक्यात पडले. दुसऱ्या दिवशी ते भागवतभाऊच्या दारात आले. "समद्यांनी दिलं, सख्ख्या भावाचं मत नाय भेटलं मला," एवढंच म्हणाले आणि वहिनींनी पुढं केलेला तांब्या न घेताच निघून गेले. येणं-जाणं तुटलं. दर पोळ्याला भागवतभाऊ गावी जायला पिशवी भरायचा आणि परत रिकामी करायचा. आम्ही त्याची चेष्टा करायचो... करायला नको होती.

यादीत गल्लीची नावं वाढत गेली, तसा यथावकाश नळही आत आला. आठवड्यातून एकदा का होईना, पाणी आलं. ड्रम मात्र त्यानं हलवला नाही. मतदानाच्या दिवशी सकाळी त्याचं झाकण बडवायचा. टँकरची सवय लागलेली माणसं दचकून उठायची, शिव्या घालायची आणि अंघोळीला लागायची.

दहाव्याला नाना आले. किती वाळले होते! घाटावरून परतल्यावर ते दारात ड्रमशेजारीच बसले. वहिनींनी पाणी दिलं. या वेळी त्यांनी तांब्या घेतला आणि घटाघटा रिकामा केला. मग खाली बघत त्यांनी मलाच विचारलं, "पोरीनं अन् जावयानं हितंच पल्याड घर घेतलंय. लई हाल हायेत पाण्याचे. त्यांची नावं इकडं घालायची, तर कुठं जावं लागतं?"

वहिनींनी पदर तोंडाला लावला. "सकाळी त्यांना घेऊन या, मी संगं येतो," मी कसंबसं म्हणालो. नानांनी मान हलवली, गुडघ्यावर हात देत ते उठले आणि त्यांनी तांब्या ड्रमच्या झाकणावर ठेवला. झाकण खणकन वाजलं, आणि समोरच्या तीन दारांतून माणसं बाहेर आली.