परवा मिळणारे पैसे

पैशाला एक दिवससुद्धा स्वस्थ बसू न देणारा माणूस उभ्या कोल्हापुरात एकच झाला, आणि तो नेमका माझ्या वाट्याला साडू म्हणून आला. थोरल्या बहिणीचे यजमान म्हणून माझी बायको त्यांना दाजी म्हणायची, तिच्यामागून मीही दाजीच म्हणू लागलो. ते मात्र लग्नाच्या मांडवात मला 'पावणं' म्हणाले आणि आजतागायत पावणंच म्हणतात. म्हणजे या घरात तुमचा मुक्काम तात्पुरता आहे, याची मला अधूनमधून आठवण राहते. दाजी मूळचे नेसरीचे. मंगळवार पेठेत त्यांचं पंपाच्या सुट्या भागांचं आणि पाइपांचं दुकान होतं. उसाची बिलं निघाली की शिरोळकडचे शेतकरी यायचे आणि वर्षाची उधारी एकरकमी चुकती करून जायचे. कंपनीला पैसे पाठवायला त्यानंतर महिना-दीड महिना असायचा. दुसरा कुणीही त्या काळात पैसे बँकेत टाकून सुखाने जेवला असता. दाजींच्या मात्र घशाखाली घास उतरत नसे. "बसून खाणारा पावणा आन बसून ऱ्हाणारा पैसा, दोन्ही घराला बरं न्हाय," असं त्यांनी मला एकदा ऐकवलं. त्या वेळी मी त्यांच्याच पाटावर बसून तांबडा रस्सा ओरपत होतो.

नव्वदच्या दशकात त्यांना या कामी बँकेवर अवलंबून राहावं लागे, आणि त्याचा त्रास मुख्यतः बँकेला होई. महिन्या-दीड महिन्याच्या ठेवी ठेवायच्या, मुदत संपली की त्याच सकाळी मोडायच्या, कंपनीचं बिल उशिरा येणार असं कळलं की दुपारी पुन्हा ठेवायच्या, असा त्यांचा उद्योग चाले. शाखेत नवा अधिकारी बदलून आला की जुना त्याला तिजोरीच्या किल्ल्या आणि दाजींची माहिती एकदमच देत असावा, कारण नव्याच्या चेहऱ्यावर दाजींना पाहताच पहिल्या दिवसापासून ओळखीची कळा दिसायची. एका अधिकाऱ्याने त्यांना समजावून सांगितलं, की एवढ्या धावपळीतून तुमच्या हाती येतं काय, रिक्षाभाडंही सुटत नाही. दाजी शांतपणे म्हणाले, की मी चालत येतो. याच काळात निम्मं गाव शेअरबाजारात उतरून लखपती होत होतं आणि उरलेलं निम्मं त्यांची वाट लागायची वाट बघत होतं. दाजी दोन्हीकडे नव्हते. शेअर म्हणजे कुस्ती, लांबून बघायला झकास, आखाड्यात उतरायचं आपलं काम नाही, असं त्यांचं मत होतं.

पुढे दोन हजारचं दशक सुरू झाल्यावर कुठून तरी त्यांच्या कानावर आलं, की एक लिक्विड ईटीएफ म्हणून निघालाय. रोख रकमेसारखाच भरवशाचा, पण बाजारात शेअरसारखा घ्यायचा-विकायचा फंड. पैसे एक-दोन दिवसांच्या सुरक्षित उसनवारीत फिरत राहतात, एका युनिटचा भाव कायम हजार रुपये, आणि जे काही सुटेल ते रोजच्या रोज युनिटच्या बारीक तुकड्यांच्या रूपाने खात्यात पडतं. हे ऐकून दाजींची जी अवस्था झाली ती मी फक्त नवसाने मूल झालेल्या माणसांची पाहिली आहे. दुसऱ्याच दिवशी त्यांनी डीमॅट खातं उघडायचे सोपस्कार सुरू केले आणि बिंदू चौकाजवळच्या एका दलालाच्या ऑफिसात त्यांचं जाणं-येणं सुरू झालं. तिथे टीव्हीच्या पडद्यावरून आकडे सरकत असायचे आणि खुर्च्यांवर बसलेली माणसं श्वास रोखून आपलं नशीब बघत असायची. दाजी रोज जेवण झाल्यावर दुकानातून जात, दारातच उभे राहत आणि विचारत, "आमचं कितीला हाय?" दलाल मान वर न करता सांगे, हजार. "बरं," म्हणून दाजी समाधानाने परत येत. एके दिवशी बाजार असा कोसळला, की त्या ऑफिसात एक गृहस्थ चक्क आडवे झाले आणि दोघं त्यांना वारा घालत होते. दाजी नेहमीच्या वेळी गेले, आडव्या गृहस्थांना ओलांडून आत डोकावले आणि त्यांनी तोच प्रश्न विचारला. दलालाने त्या दिवशी दिलेलं उत्तर इथे छापण्यासारखं नाही, पण भाव हजारच होता.

या व्यवस्थेत एकच खोट होती. आज युनिट विकली की पैसे परवा मिळत. मध्ये शनिवार-रविवार आला की परवाचा मंगळवार होई. दुकानाचं एक ठीक होतं, पण दाजींनी घरखर्चाचे पैसेही त्याच फंडात नेऊन ठेवले, आणि त्या दिवसापासून त्या घरात प्रत्येक गोष्ट परवा होऊ लागली. रविवारी मटण आणायचं तर बुधवारीच ठरवायला लागे. अक्का, म्हणजे माझी थोरली मेव्हणी, चपला तुटल्या म्हणून पैसे मागायची. दाजी अगदी प्रेमाने सांगायचे, की आत्ता विकायला सांगतो, परवा घे. मग ती दोन दिवस तुटक्या चपलेने फिरायची. गॅसची टाकी कधी संपावी यालाही बाजाराच्या सुट्ट्या पाळाव्या लागत. नेसरीहून कुणी नातेवाईक न कळवता उतरला, की दाजींच्या तोंडचं पाणी पळायचं आणि अक्का मागच्या दाराने आमच्याकडे उसने पैसे मागायला यायची. एका दिवाळीत आम्ही भाऊबीजेच्या ओवाळणीवरून त्यांची भरपूर चेष्टा केली, की दाजी, तबकात नुसती विक्रीची पावती टाका, बहीण परवा वटवून घेईल. ते हसले नाहीत. मला वाटतं ते त्यावर विचार करत होते.

अक्का त्यांच्यापेक्षा शहाणी. उन्हाळ्यात ती कांदा-लसूण चटणी करून विकायची. आजूबाजूच्या चार गल्ल्या तिच्या चटणीवर जेवायच्या. मिरची कांडायला मात्र तिला दुसऱ्याच्या दारात डबे घेऊन ताटकळत बसावं लागे, आणि स्वतःचं कांडप यंत्र घ्यायचं हे तिच्या मनात फार दिवसांपासून होतं. त्यासाठी साठवलेले पैसे तिने दाजींना कधी दाखवले नाहीत. ते तिने गल्लीच्या तोंडाशी असलेल्या एका पतसंस्थेत ठेवले. तिथे दामदुप्पट योजना होती, दिवाळीला भिंतीवरचं घड्याळ भेट मिळायचं, आणि मुख्य म्हणजे मागितले की पैसे त्याच दिवशी हातात पडायचे. माझेही थोडे पैसे तिथेच होते. दाजींचा फंड जेमतेम बचत खात्यापेक्षा बरा, आणि आमची संस्था दामदुप्पट देणारी, तेव्हा त्यांना हसायचा अधिकार आम्ही दोघांनी रीतसर विकत घेतला होता.

मग एका सकाळी पतसंस्थेचं शटर अर्ध्यावरच थांबलं. व्यवहार तात्पुरते बंद असल्याचा कागद चिकटला आणि चेअरमन छातीत दुखतं म्हणून दवाखान्यात दाखल झाले. अशा वेळी चेअरमन मंडळींच्या छातीत नेमकं कसं दुखतं यावर वैद्यकशास्त्राने काही काम केलं असेल तर मला वाचायला आवडेल. दारात रांग लागली. पैसे मिळत नव्हते, पण रांग सोडली तर आपलेच बुडतील या भीतीने कुणी हलत नव्हतं. मीही रजा टाकून उभा होतो, आणि माझ्यापुढे पदर डोक्यावरून घट्ट ओढून अक्का उभी होती. दाजींना सांगू नका, एवढंच ती म्हणाली. तिला त्या पैशांपेक्षा दाजी आता काय बोलतील त्याची जास्त धास्ती होती, आणि खरं सांगायचं तर मलाही.

बातमी फुटायला गिऱ्हाईक पुरतं. पाइप घ्यायला आलेल्या कुणीतरी दाजींना सहज सांगितलं, की वहिनी रांगेत दिसल्या. भर दिवसा दुकानाचं शटर ओढून दाजी गल्लीच्या तोंडाशी आले. रांगेतल्या सगळ्यांना त्यांचा पैशाविषयीचा स्वभाव ठाऊक. आता जन्माचं व्याख्यान ऐकायला मिळणार म्हणून दुःखातही लोक सरसावून उभे राहिले. दाजी अक्काजवळ गेले. तिच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाले, "जेवलीस का?"

अक्काने नाही म्हणून मान हलवली. दाजी समोरच्या टपरीवरून वडा-पाव घेऊन आले, तिने खाल्ला, आणि ते तिच्या मागे रांगेत उभे राहिले. त्यांचा एक पैसाही त्या संस्थेत नव्हता. दुसऱ्या दिवशी येताना त्यांनी दुकानातलं एक पोतं आणलं, अक्काला संस्थेच्या पायरीवर बसायला. असे पुष्कळ दिवस गेले. अक्काला ते काही बोलले नाहीत हे खरं; बाकीच्यांना मात्र त्यांनी सोडलं नाही. रांगेतल्या बायकांना त्यांनी लिक्विड ईटीएफ म्हणजे काय हे इतकं सविस्तर समजावलं, की त्यातल्या दोघी पैशांची आशा सोडून घरी गेल्या.

एका संध्याकाळी दाजींनी अक्काच्या हातात नोटांचं पुडकं ठेवलं आणि सांगितलं, की संस्थेवर प्रशासक आलाय, माझी त्याच्याशी ओळख निघाली, तुझे पैसे सुटले. अक्काचा चेहरा त्या दिवशी कसा उजळला ते माझ्या बायकोने मला तीनदा सांगितलं. दाजींनी तिला कुणाला बोलू नको असंही बजावलं होतं. पण जिच्या चटणीला चार गल्ल्यांत गिऱ्हाईक आहे त्या बाईला असं बजावणं म्हणजे वर्तमानपत्राला बजावण्यासारखंच. दुसऱ्या दिवशी सकाळी रांगेतल्या सगळ्या बायका प्रशासकाच्या खोलीत शिरल्या, त्यांनी आतून कडी घातली आणि विचारलं, की अक्काचे दिले तर आमचे का नाहीत. प्रशासक घाम पुसत शपथेवर सांगत होता, की मी कुणाला एक रुपया दिलेला नाही. कुणी ऐकेना. बाहेर पोलीस आले. अक्का भिंतीला टेकून कावरीबावरी होऊन बघत होती, आणि अखेर कुणीतरी दुकानातून दाजींना बोलावून आणलं.

दाजींसाठी बायकांनी कडी काढली आणि ते आत येताच पुन्हा घातली. त्यांनी सगळीकडे एकदा बघितलं आणि ते म्हणाले, "त्यास्नी सोडा. ते पैसे माझं हुतं."

रांगेतल्या एका म्हातारीने विचारलं, की मग बायकोशी खोटं का बोललास.

"माझं म्हटलं असतं तर तिनं घेतलं नसतं," दाजी म्हणाले. "तिनं काय बी मागितलं की मी परवा म्हणायचो. त्यामुळं तिनं मागायचंच सोडलं. माझ्या ध्येनातच आलं न्हाय."

अक्का कुणाकडे न बघता घरी निघून गेली. बायकांनी कडी काढली, पोलिसांनी दाजींना चार शब्द सुनावले, प्रशासक दोन पेले पाणी प्याला. पुढचे काही दिवस अक्काने दाजींना वेळेवर वाढलं, पण शब्द काढला नाही. गेलेल्या पैशांपेक्षा आपल्याला फसवून सुखी केलं याचा तिला जास्त राग आला होता, असं माझी बायको म्हणाली. मग एका सकाळी तिनेच विषय काढला, की यंत्र ठेवायला घरात जागा नाही. दाजींनी त्याच दिवशी दुकानातले निम्मे पाइप हलवले. तेव्हापासून त्या दुकानात एकीकडे पंपाचे भाग विकले जात आणि दुसरीकडे मिरची कांडली जाई. शिरोळचे शेतकरी डोळ्यांतून पाणी काढत उधारी चुकती करत. उसाचा भाव कमी मिळाला म्हणून रडतात की ठसका लागला म्हणून, हे कळायला मार्ग नव्हता. दाजी गल्ल्यावर तोंडाला रुमाल बांधून बसत. त्या पतसंस्थेतले माझे पैसे पुढे तुकड्या-तुकड्यांनी बरेचसे आले. दाजींचे पैसे फंडातच राहिले, फक्त घरखर्चाचे तेवढे त्यांनी काढून आणले.

अक्का गेली, त्याला आता काही वर्षं झाली. दुकान दाजींनी पुतण्याला दिलं. परवा-तेरवा मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा गप्पांत मीच मुद्दाम व्याजदरांचा विषय काढला, म्हटलं जरा खुलतील. त्यांनी दोन-चार वाक्यांत तो संपवला. मग विचारलं, "पावणं, ती पतसंस्था हुती तिथं आता काय हाय?" मी सांगितलं, मोबाइलचं दुकान झालंय, पायऱ्याही काढून टाकल्या.

"पायरीला सावली ब्येस यायची," दाजी म्हणाले. "ऊन कललं की ती पोत्यावर बसायची, आन मी मागं उभा. सगळ्या जन्मात दिवसभर असं दोघं एका जागी ऱ्हायलो ते तेवढंच."