पत्राची पाठ वाचणारे आपा

पुंडलिक आपांवर लिहावं की नाही, हे ठरवण्यातच माझे सहा आठवडे गेले. आमच्या सर्वण गावात त्यांना माझ्याहून कितीतरी जास्त ओळखणारी माणसं आहेत. डिचोलीहून टपालाची पिशवी घेऊन सायकलवरून येणारे तरुण आपा त्यांनी पाहिले आहेत. मी त्यांच्या नात्यातली नाही, आणि खरं सांगायचं तर गावचीही नाही. माझे बाबा दोडामार्गकडून खाणीवर ट्रक चालवायला आले, आणि आम्ही आपांच्या शेजारी भाड्यानं राहिलो ते राहिलोच. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. लिहिण्याची सवय म्हणाल तर परीक्षेतल्या उत्तरांपुरती. तेव्हा काही कमी-जास्त झालं तर वाचकांनी पदरात घ्यावं. पण आपांविषयीची एक गोष्ट अशी आहे की ती मी सांगितली नाही तर कुणालाच कळणार नाही, आणि मग तो दोष माझा असेल.

आपा गेल्याचं कळलं तेव्हा मी हैदराबादला होते. संध्याकाळचे सहा वाजले असतील, वसतिगृहाच्या जिन्यात आईचा फोन आला. "आपा गेले गो…" दुपारी तीनच्या सुमाराला, जनेलाजवळच्या, म्हणजे खिडकीजवळच्या, त्यांच्या कदेलीवर, खुर्चीत बसल्या जागी. त्यांची बायको, आमच्या माई, लेकीकडे पेडण्याला गेल्या होत्या. आई शाळेतला स्वयंपाक आटोपून घरी आली आणि ताक घेऊन त्यांच्याकडे गेली, तेव्हा तिच्या ध्यानात आलं. मी रडले नाही. मी विचारलं, "माझं पत्र पावलं का त्यांना?" आई चिडली. "हंय माणूस गेला आणि तू पत्र कसला इचारतंस?" फोन ठेवला आणि मी पोस्टाच्या संकेतस्थळावर नंबर घालून पाहिलं. पत्र त्याच दिवशी दिलं गेलं होतं. वेळ होती सायंकाळी पाच बेचाळीस.

म्हणजे पावणेतीन तास उशीर. त्या पत्रात मी आपांना एक गोष्ट सांगितली होती, जी त्यांना वर्षभर आधी सांगायला हवी होती.

आता ती गोष्ट. एम.ए.च्या शेवटच्या वर्षी प्रबंधासाठी मला विषय मिळाला तो अमेरिका नवी नवी स्वतंत्र झाली त्या काळातल्या सरकारी आणि घरगुती पत्रव्यवहाराचा. दुसरं कुणी घेत नव्हतं म्हणून तो माझ्याकडे आला. ती पत्रं संगणकावर फुकट वाचायला मिळतात, एवढा एकच आधार. बाबा म्हणाले, "आपल्या घराक येणारा लायटीचा बिल वाचूक कोणाक वेळ नाय, आणि तू अमेरिकेतल्या मेलेल्यांची पत्रां वाच!" मी निवडली होती ती एका कॉन्सलची पत्रं, म्हणजे नव्या सरकारनं युरोपातल्या एका बंदरावर नेमलेल्या प्रतिनिधीची. तो एकाच दिवशी दोन पत्रं लिही. एक सरकारला, अडकलेल्या जहाजांविषयी आणि खलाशांविषयी. दुसरं बायकोला. ती तिकडे शेतावर तीन मुलांना घेऊन राहत होती. पत्र शिडाच्या जहाजातून जायचं, कधी दीड महिना तर कधी तीन. जहाज बुडालं तर पत्र गेलं, म्हणून महत्त्वाचा मजकूर दोन-दोन, तीन-तीन प्रतींत वेगवेगळ्या जहाजांतून पाठवायचे.

हे सगळं मी आपांना का सांगायला लागले, तर त्यांना वाचायला काहीतरी हवं असे. निवृत्तीनंतर त्यांचे कान पार गेले होते. फोन कानाला लावला की ते नुसतं "हां, हां" म्हणत आणि मग माईंकडे देत. त्यांच्याशी बोलायचं तर वहीत लिहायचं, मग ते तोंडी उत्तर देत. त्यांना इंग्रजी येत नव्हतं म्हणून मी एकेक पत्र साध्या मराठीत उतरवून त्यांच्यापुढे ठेवी. ते मोठ्यानं वाचत. आपला आवाज केवढा मोठा आहे हे त्यांना कळत नसे. त्यामुळे त्या अमेरिकन बाईचं सगळं घर आमच्या वाड्याला तोंडपाठ झालं. तिची गाय आटली, तिच्या दिरानं कुंपण सरकवलं, सगळं. एकदा पोदेरानं, म्हणजे सायकलवरून पाव विकणाऱ्यानं, उंडे मोजता मोजता मला विचारलं, "त्या बायलेचो घोव घरा पावलो काय ना गो?" नवरा अजून घरी आला नाही म्हटल्यावर तो खरोखर हळहळला.

त्या पत्रांत एक पत्र होतं, धाकटी मुलगी तापानं गेल्याचं. बायकोनं लिहिलेलं, सहा ओळींचं. तारखेनं लावलं तर त्यानंतरचं नवऱ्याचं पत्र आठ दिवसांनी लिहिलेलं, आणि त्यात तो म्हणतो, इथे एक चांगला चांभार आहे, धाकटीच्या पायाचं माप पाठव. पुढच्या पत्रात, तिला माझं नाव गिरवायला शिकव. वाचून माझा जीव जळला. मी एक अख्खं प्रकरण लिहिलं, की सरकारी कामानं हा माणूस कसा दगड होत गेला. विभागातल्या चर्चासत्रात ते वाचलं, टाळ्या मिळाल्या. फार अभिमानानं मी तेच मराठीत करून आपांना नेऊन दिलं.

त्यांनी ते सावकाश वाचलं. या वेळी मनातल्या मनात. मग चष्मा काढून म्हणाले, "चेडवा, पत्र घातलां कधी ता तू लिवलंस. पावलां केन्ना ता खंय आसा?"

मी वहीत लिहिलं, "पोचलं कधी ते कसं कळणार?"

"पाठ बघलंस?"

"कुणाची पाठ?"

"पत्राची गो, तुझी न्हय!" आणि स्वतःच्याच विनोदावर ते इतके हसले की माई आतून बघायला आल्या.

मग त्यांनी मला समजावलं. पूर्वी टपाल कचेरीत पत्र आलं की त्याच्या पाठीवर आल्याचा शिक्का मारत. पत्र कुठून निघालं ते पुढून कळतं, कधी पोचलं ते पाठीमागून. "मुखडो सगळेच बघतत. पोस्टमन पाठ बघता." मला लाज वाटली. त्या संकेतस्थळावर प्रत्येक पत्राच्या मागच्या बाजूचंही चित्र होतं आणि वर्षभरात मी ते एकदाही उघडलं नव्हतं. घरी जाऊन उघडली. सरकारी पत्रांच्या पाठीवर, त्यानं धाडलेल्या आणि त्याला आलेल्या दोन्हींच्या, कारकुनानं बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, कोणाचं, कशाबद्दल, कोणत्या जहाजानं, कधी मिळालं. घरगुती पत्रांच्या पाठी मात्र कोऱ्या. दुसऱ्या दिवशी मी हिरमुसून तसं वहीत लिहिलं. आपांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं एखाद्या ढ मुलाकडे मास्तर बघतात. "पिशवी एकच नी गो? सरकाराचां पत्र आणि बायलेचां पत्र एकाच तारवातसून येतली. एक पावलां तर दुसरां काय दर्यात उडी मारतलां?"

एवढंच. पण त्या एका वाक्यावर माझा सगळा प्रबंध उलटा झाला. सरकारी पत्रांच्या पाठींवरून मी घरच्या पत्रांचे दिवस काढत गेले. दोन वेगळ्या याद्या केल्या, कोणत्या दिवशी त्याला काय माहीत होतं आणि कोणत्या दिवशी तिला. मुलगी गेल्याचं पत्र असलेलं पहिलं जहाज कधी पोचलंच नव्हतं. दुसरी प्रत त्याच्या हाती पडली ती चार महिन्यांनी. तोवर त्यानं अंदाजानं जोडे घेऊन पाठवूनही दिले होते. आणि ज्या दिवशी त्याला कळलं, त्या दिवशीचं त्याचं सरकारी पत्र फक्त तीन ओळींचं आहे. आज अधिक लिहिणं जमणार नाही, क्षमा असावी. त्या तीन ओळींना मी आधी आळस समजले होते…

मी हे सगळं आपांना वहीत लिहून दाखवलं. मग त्यांनी शिरगावच्या खाणीवरच्या एका मजुराची गोष्ट सांगितली. त्याच्या नावची दोन कार्डं एकाच पिशवीतून आली. एकात बाप आजारी आहे, लवकर ये. दुसऱ्यात बाप गेला. कार्डं उघडी, आपांनी दोन्ही वाचलेली. मी वहीत विचारलं, "मग तुम्ही काय केलंत?" ते म्हणाले, "आधी पयलां दिलंय. तेका बसयलंय, पाणी दिलंय. मगे दुसरां. तेवढी दोन मिनटां तेचो बापूस जिवो होतो." टपाल वाटणं ही नुसती हमाली आहे असं मला लहानपणी वाटायचं. त्या दिवसापासून वाटलं नाही.

प्रबंध द्यायला पाच आठवडे उरले होते. मी माझ्या मार्गदर्शक सरांना म्हटलं, सगळं पुन्हा लिहिते. ते म्हणाले, "हे तुला सुचवलं कुणी?" मी म्हटलं, "आमच्या शेजाऱ्यांनी." "इतिहासाचे आहेत?" "नाही सर, पोस्टाचे." सर हसले, मग माझ्या दोन्ही याद्या उलटून पाहिल्या आणि म्हणाले, "कर."

मी केलं. पण ऋणनिर्देश लिहिताना कच खाल्ली. परीक्षक हसतील, पोस्टमनला विचारून इतिहास लिहिते म्हणतील, असं वाटलं. विद्यापीठाचं, सरांचं, आई-बाबांचं नाव घातलं आणि शेवटी लिहिलं, "एका निवृत्त टपाल कर्मचाऱ्यांचे आभार." ते पान आपांना वाचायला नेलं… का नेलं कुणास ठाऊक. त्यांनी बोट फिरवत सगळी नावं वाचली. शेवटच्या ओळीशी थांबले. "बरां लिवलंस," म्हणाले, आणि माईंना चहा टाकायला सांगितला. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यानंतर वर्षभर मी रोज त्यांच्याकडे जात होते आणि रोज मला ती ओळ आठवत होती.

पीएच.डी.च्या प्रवेशाची मुलाखत हैदराबादला होती. टेबलापलीकडे पाच माणसं. माझं इंग्रजी अडखळत होतं. मधल्या एका बाईंनी विचारलं, सरकारी पत्रांच्या पाठींवरून घरच्या पत्रांचं पोचणं काढायचं, ही पद्धत तुला कुठे मिळाली? मला "मीच काढली" म्हणता आलं असतं. कुणाला कळणार होतं? मी म्हटलं, "माझी नाही. पुंडलिक आपांची. ते आमच्या गावचे पोस्टमन होते." कुणी हसलं नाही. बाईंनी मला ते नाव पुन्हा उच्चारायला लावलं आणि समोरच्या कागदावर लिहून घेतलं. पंधरा दिवसांनी निवड झाल्याचं कळलं, आणि विभागात रुजू झाले त्या दिवशी त्याच बाईंनी मला ओळखलं ते "पोस्टमनवाली मुलगी" म्हणून. आयुष्यात मला इतका चांगला मान कुणी दिलेला नाही.

निवड झाल्याचं तेवढं आई-बाबांना ठाऊक होतं. मुलाखतीत काय झालं ते मी कुणालाच सांगितलं नाही. आईला म्हटलं असतं तर तिनं पाच मिनिटांत आपांच्या वहीत लिहून दाखवलं असतं. पण मला ते माझ्या अक्षरात, त्यांच्या नावाच्या पाकिटातून पोचवायचं होतं. ऋणनिर्देशात जे नाव खाल्लं ते पाकिटावर ठळक लिहायचं होतं. पोचपावतीचं कार्ड जोडून मी पत्र घातलं, आणि पाचव्या दिवशी आईचा तो फोन आला.

पुढचे दिवस मी त्या पाच बेचाळीसला चिकटून बसले. माझ्या हौसेपायी पत्र पोचलं ते ओटीवर माणसं जमलेली असताना. कुणीतरी सही करून घेतलं असेल आणि कुठेतरी सरकवलं असेल. माईंना विचारायचा धीर होईना. ज्या माणसानं मला पोचण्याची तारीख बघायला शिकवलं, त्याच्याच बाबतीत ती मला बघवत नव्हती.

तेराव्याच्याही नंतर, वसतिगृहाच्या टपालपेटीत पोचपावतीचं कार्ड आलं. सही आपांची होती. देवनागरीत, पूर्ण नाव, एकही अक्षर न जोडता. खाली तारीख. आणि तारखेपुढे वेळ, सकाळी ११-१०. कार्डावर वेळेसाठी रकाना नसतो. नोकरीत असताना प्रत्येक सहीपुढे वेळ घालायची त्यांची रीत होती, असं माईंनी मागाहून सांगितलं. मी जिन्यातच बसले आणि आईला फोन लावला. आईनं दुसऱ्या दिवशी टपाल घेऊन येणाऱ्या नव्या पोस्टवालीला अडवलं, आणि फोन तिच्या हातात दिला.

"एंट्री आमी सांजेक हाफिसात गेल्यार मारतो, वाड्यार नेट खंय आसा?" ती म्हणाली. "पत्र मी सकाळीच दिलंय. मी सांगी होतंय, आपा, आधी सही करा, माका अजून सात घरां आसत. पण तेंका आयकाक येता खंय! पाकीट फोडल्यांनी आणि उभ्यानच मोठ्यान वाचूक लागले. ती बाय नाव परत इचारता, थंयसर थांबले. ती ओळ परत वाचल्यांनी. मगे माका म्हणाले, 'आयकलंस? माजां नाव लिवन घेतल्यांनी थंय.' पत्र घडी करून खिशात घातल्यांनी, आणि मगे घड्याळ बघून सही केल्यांनी."